दुसऱ्या टकरीचा इतिहास

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली की जेमतेम एक दशांश सेकंदात सगळे आटोपते. तेवढ्यात टकरी मात्र तीन होतात. पहिली मोटार आणि भिंत यांची. मोटार थांबते, पण आत बसलेला माणूस अजून ताशी ५०च्या वेगानेच पुढे चाललेला असतो. तो स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, काचेवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो, ती दुसरी. त्याचे शरीर थांबले तरी आतला मेंदू कवटीवर आणि हृदय छातीच्या पिंजऱ्यावर आपटते, ती तिसरी. माणूस दगावतो तो या पुढच्या दोन टकरींत. पहिली टळली नाही तरी दुसरी सौम्य करता येते, हे आज कुणालाही पटते. कायद्याने हे मान्य करायला मात्र मोटारीच्या जन्मानंतर ८० वर्षे जावी लागली.

पहिली पन्नास वर्षे मोटारीची सुरक्षितता म्हणजे चांगले ब्रेक, चांगले दिवे, चांगले टायर आणि चालकाला उपदेश. डेट्रॉइटच्या कारखानदारांचे म्हणणे ठरलेले होते: गाडीत काही खोट नाही, रस्ते आणि माणसे सुधारा. एखादा भीषण अपघातातून जिवंत बाहेर आलाच, तर ती दैवाची कृपा. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो. वेळ का आली नाही, हे शोधायला कुणी बसत नसे. जो बसला, त्याचा मोटारधंद्याशी काही संबंध नव्हता. तो विमान चालवायला शिकत होता.

पडून वाचलेली माणसे

ह्यू डीहेवन हा अमेरिकी तरुण पहिल्या महायुद्धात कॅनडातून रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये भरती झाला. १९१७ मध्ये टेक्सासमध्ये प्रशिक्षण चालू असताना त्याचे विमान हवेतच दुसऱ्या विमानाला धडकून कोसळले. त्याचे पाय मोडले. यकृत, स्वादुपिंड आणि पित्ताशय फाटले. तरी तो जगला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने आपल्याच अपघाताचा पंचनामा केला. आपण बसलो होतो ती जागा बऱ्यापैकी शाबूत राहिली, म्हणून आपण वाचलो. पोटातल्या जखमा मात्र जमिनीने केलेल्या नाहीत, त्या कमरेच्या पट्ट्याच्या टोकदार बकलाने केल्या. म्हणजे जीव वाचवणाऱ्या आणि जीवावर उठणाऱ्या, दोन्ही गोष्टी विमानाच्या रचनेतच होत्या. रचना बदलता येते.

पुढे त्याने छोटेमोठे शोध लावून पैसा मिळवला आणि चाळिशीनंतर पुन्हा हा विषय हाती घेतला. घरच्या स्वयंपाकघरात रबराच्या गादीवर उंचावरून अंडी टाकायची आणि ती कधी फुटतात ते पाहायचे, इथून त्याची सुरुवात झाली. मग वर्तमानपत्रांतून त्याने उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांच्या बातम्या गोळा केल्या. कोण कशावर पडले, ते किती दबले, कुठली हाडे मोडली, याची मोजमापे घेतली. १९४२ मध्ये त्याचा निबंध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ५० ते १५० फुटांवरून पडून वाचलेल्या आठ जणांची त्यात यांत्रिकी चिकित्सा होती. त्यातली एक बाई सतराव्या मजल्यावरून पत्र्याच्या व्हेंटिलेटरवर पडली होती. पत्रा फूटभर किंवा त्याहून जास्त दबला, तिचे हातपाय मोडले. पण ती उठून बसली आणि मला माझ्या खोलीत परत न्या, असे म्हणाली. डीहेवनचा निष्कर्ष असा की, भार अंगावर नीट पसरला आणि थांबायला थोडे अंतर मिळाले, तर क्षणभरासाठी मानवी शरीर गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट बलही सोसू शकते. तिला वाचवले होते त्या दबलेल्या पत्र्याने.

त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठात त्याच्या पुढाकाराने अपघातातील जखमांचा अभ्यास सुरू झाला. आधी विमानांचा आणि १९५३ पासून मोटारींचा. पोलीस आणि डॉक्टर अपघातानंतर तक्ते भरून पाठवू लागले, आणि लोकांच्या मनात घट्ट बसलेली एक समजूत मोडून पडली. ‘दार उघडून बाहेर फेकला गेला, म्हणून वाचला’ असे तिथेही लोक म्हणत. तक्ते उलटेच सांगत होते: बाहेर फेकला जाणाराच जास्त मरत होता.

डीहेवनने त्यावर जे नियम मांडले, ते माल बांधणाऱ्यांचे होते. देवगडहून हापूसची पेटी मुंबईला सुखरूप येते ती याच नियमांवर: पेटी मजबूत, झाकण मध्येच न उघडणारे, आत भाताचा पेंढा, आणि फळ जागचे हलणार नाही अशी भरणी. १९५०च्या मोटारीत यातला एकही नियम पाळलेला नव्हता. टक्कर झाली की दारे उघडत. डॅशबोर्ड कडक पत्र्याचा, त्यावर क्रोमच्या टोकदार खुंट्या. स्टिअरिंगचा दांडा सरळ पुढच्या चाकांपाशी गेलेला. गाडीचे नाक मागे दाबले गेले की तो भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसे. आणि माणूस आत मोकळाच सोडलेला.

१४ दशांश सेकंद

शरीर किती सोसते, हे पडलेल्या माणसांवरून अंदाजाने सांगणे वेगळे आणि मोजून सांगणे वेगळे. मोजण्याचे काम अमेरिकी हवाई दलातल्या एका डॉक्टरने स्वतःच्या अंगावर घेतले. जॉन पॉल स्टॅप हा बॅप्टिस्ट मिशनऱ्यांचा मुलगा, ब्राझीलमध्ये जन्मलेला. १९४७ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात तो रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या घसरगाडीचे प्रयोग करत होता. १८ पट गुरुत्वबलापलीकडे माणूस जगत नाही, असे तेव्हाचे शास्त्र म्हणत होते, आणि विमानातल्या खुर्च्या त्याच हिशेबाने बनत. स्टॅपने आधी पुतळा बसवून पाहिला, मग स्वतः बसला. त्याची मनगटे मोडली, बरगड्यांना तडे गेले, दाढांतले सिमेंट निघाले. जे बिघडू शकते ते बिघडणारच, हा मर्फीचा प्रसिद्ध नियमही याच प्रयोगांतून निघाला. एडवर्ड मर्फी हा या पथकासाठी मापनयंत्रे घेऊन आलेला कॅप्टन, आणि ती यंत्रे उलटी जोडली गेली होती.

शेवटची फेरी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर झाली. घसरगाडीला मागे नऊ रॉकेट. स्टॅपला खुर्चीत छातीपासून घोट्यांपर्यंत पट्ट्यांनी जखडले, तोंडात दातांखाली धरायचा तुकडा दिला. या फेरीत दृष्टी जाऊ शकते हे त्याला माहीत होते. म्हणून आधीपासूनच तो घरी दिवे मालवून अंधारात कपडे घालण्या-उतरवण्याचा सराव करत होता. रॉकेट पेटले. पाच सेकंदांत गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला. वरून पाठलाग करणारे जेट विमान मागे पडले. मग गाडीखालचे पंजे रुळांमधल्या पाण्यात शिरले आणि १.४ सेकंदांत, म्हणजे १४ दशांश सेकंदांत गाडी उभी राहिली. त्या क्षणी स्टॅपच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट बल होते. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटून दोन्ही डोळे लाल झाले. त्याला काही दिसेना. काही वेळाने नजर परत आली. पुढच्या वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा होता: पृथ्वीवरचा सर्वांत वेगवान माणूस.

स्टॅपला स्वतःला वेगात रस नव्हता, थांबण्यात होता. या फेऱ्यांचा अर्थ त्याच्यापुरता सरळ होता. नीट बांधलेला माणूस ज्या झटक्यातून जिवंत बाहेर येतो, त्याच्या कितीतरी कमी झटक्यात मोटारीतली माणसे मरत आहेत. हवाई दलाचे अधिकारी कुरकुरले, मोटारींशी आपला काय संबंध? तेव्हा त्याने त्यांच्याच नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. हवाई दलाची माणसे विमान अपघातांपेक्षा मोटार अपघातांत जास्त मरत होती. १९५५ मध्ये त्याने मोटार अभियंत्यांना हॉलोमनला बोलावून परिषद भरवली. ही परिषद आजही त्याच्या नावाने भरते.

स्टॅपने न मोडता सोसता येते तिथपर्यंत मोजले. मोडते कुठे, हे जिवंत माणसावर मोजता येत नाही. ते काम डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासून दान केलेल्या मृतदेहांवर चालू होते. कवटीला तडा कधी जातो, हे पाहण्यासाठी तिथे लिफ्टच्या रिकाम्या बोळाचा उपयोग केला गेला. तिथले प्राध्यापक लॉरेन्स पॅट्रिक स्वतःही झटक्याच्या गाडीवर शेकडो वेळा बसले. या मापांवरून धातू-रबराचे पुतळे बेतले गेले. पहिला पुतळा १९४९ मध्ये विमानाच्या फेकखुर्चीसाठी बनला होता. १९७६ च्या सुमारास आलेला ‘हायब्रिड थ्री’ जगभरच्या चाचण्यांत अजून बसतो. तो सरासरी अमेरिकी पुरुषाच्या उंची-वजनाचा आहे, आणि या गोष्टीचे मोल पुढे इतरांना मोजावे लागले.

१९५९ चे चार आठवडे

आता गोष्ट युरोपात जाते. व्हॉल्व्होचे प्रमुख गुन्नार एंगेलाउ यांचा एक नातलग मोटार अपघातात गेला होता. १९५८ मध्ये त्यांनी साब कंपनीतून निल्स बोलीन या अभियंत्याला आणले. बोलीनची हयात विमानातून वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणारी यंत्रणा बनवण्यात गेली होती. माणसाला बाहेर कसे काढावे हे जाणणाऱ्या या माणसावर आता माणसाला आत कसे धरून ठेवावे हे काम आले.

पट्टे तोवर होते, पण बेंगरूळ. नुसता कमरेचा पट्टा माणसाला मधून दुमडे आणि तोंड पुढे आपटे. नुसता खांद्यावरचा तिरका पट्टा असला तर माणूस खालून निसटे. अमेरिकेत डीहेवन आणि त्याचा सहकारी ग्रिझवोल्ड यांनी १९५१ मध्येच तीन टोकांच्या पट्ट्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण त्याचे बकल पोटावर येत असे. डीहेवनच्याच जुन्या जखमेची जागा. वैमानिकाला चार पट्टे बांधून घ्यायची सवय असते. ऑफिसला निघालेला गृहस्थ इतका खटाटोप करणार नाही, हे बोलीनने ओळखले. म्हणून त्याने एकाच पट्ट्याचे दोन भाग केले. एक छातीवरून तिरका, दुसरा मांड्यांच्या मुळाशी कमरेच्या हाडावरून आडवा. दोन्ही सीटच्या बाजूला, खाली, एकाच बिंदूत येऊन मिळतात. भार बरगड्या आणि कमरेचे हाड या शरीरातल्या दणकट भागांवर पडतो, मऊ पोटावर पडत नाही. आणि सगळे एका हाताने लागते. सुमारे वर्षभराच्या कामाचे हे फळ होते. तीन टोकांच्या या पट्ट्यासह पहिली व्हॉल्व्हो १३ ऑगस्ट १९५९ रोजी स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या विक्रेत्याकडे पोहोचली. कंपनीने पेटंट घेतले, पण ते इतर कारखानदारांना वापरायला खुले ठेवले.

त्यानंतर बरोबर चार आठवड्यांनी, १० सप्टेंबर १९५९ रोजी, जर्मनीत झिंडेलफिंगेनला मर्सिडीजच्या अभियंत्यांनी आपली एक नवी मोटार मुद्दाम अडथळ्यावर नेऊन आदळली. पुढच्या काळात ते मोटारीमागे गरम पाण्याच्या वाफेवर चालणारे रॉकेट लावून हेच करत. या चाचण्यांमागचा विचार होता बेला बारेन्यी या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याचा. मोटार जितकी कडक तितकी सुरक्षित, असे सगळे मानत असताना त्याने १९५१ मध्ये उलट कल्पनेचे पेटंट मागितले: मोटारीचे तीन भाग करा. मधला, जिथे माणसे बसतात, तो कडक. पुढचा आणि मागचा मुद्दाम मऊ. टकरीत ते चुरगळले पाहिजेत.

याचे गणित शाळेतल्या सूत्राने करता येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने पुढे जाणारा माणूस डॅशबोर्डवर आदळून चार सेंटिमीटरांत थांबला, तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीचशे पट बल येते. पट्ट्याने सीटशी बांधलेला असेल आणि गाडीचे नाक साठ सेंटिमीटर चुरगळत थांबले, तर तोच माणूस गाडीबरोबर थांबतो आणि बल उरते सुमारे सोळा पट. पहिल्यात मृत्यू, दुसऱ्यात छातीवर पट्ट्याचा वळ. व्हेंटिलेटरचा पत्रा जे काम योगायोगाने करून गेला, ते आता मोटारीच्या नाकाकडून ठरवून करून घेतले जात होते. पण गाडीचे हे अंतर माणसाला मिळण्यासाठी तो गाडीशी बांधलेला हवा. बारेन्यीचे नाक आणि बोलीनचा पट्टा एकमेकांवाचून अपुरे आहेत.

बोलीनने १९६७ मध्ये पुरावा मांडला: स्वीडनमधल्या २८,००० हून जास्त अपघातांचा हिशेब. पट्टा न लावलेली माणसे अगदी कमी वेगालाही दगावली होती. पट्टा लावलेल्यांत ताशी ९५ किलोमीटरच्या आतल्या वेगाला एकही मृत्यू नव्हता.

कायदा येतो

अमेरिकेत कारखानदारांनी या सगळ्याकडे पाठ फिरवली होती. फोर्डने १९५६ च्या मॉडेलांत मऊ डॅशबोर्ड, घट्ट कुलपांची दारे आणि हवा असल्यास पट्टा देऊन पाहिला. त्या वर्षी प्रतिस्पर्धी शेवरलेचा खप जास्त झाला, आणि सुरक्षितता विकली जात नाही हे डेट्रॉइटने सूत्र म्हणून पाठ करून टाकले. १९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. त्यातली दुसऱ्या टकरीची मांडणी डीहेवन-स्टॅप यांच्या संशोधनावर उभी होती. पुस्तक कदाचित वाचनालयांतच राहिले असते. पण जनरल मोटर्सने नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले, ते उघडकीस आले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. मग चक्रे भराभर फिरली. मोटारसुरक्षेचे विधेयक सिनेटमध्ये ७६ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधिगृहात ३७१ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली, तेव्हा समोरच्या मंडळींत स्टॅप होता. त्या वर्षी अमेरिकेत रस्त्यांवर सुमारे ५०,००० माणसे मेली होती.

या कायद्याने उभ्या राहिलेल्या खात्याचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे साथरोगतज्ज्ञ डॉक्टर होते. मलेरियात डास जे काम करतो ते इथे मोटार करते, ती माणसापर्यंत मारक ऊर्जा पोहोचवते, अशी त्यांची दृष्टी. मलेरिया उपदेशाने हटत नाही, तशी ही साथही चालकाला उपदेश करून हटत नाही. अपघाताआधी, अपघातात आणि अपघातानंतर असे तीन टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन आणि परिसर यांत काय बदलता येईल, याचा त्यांनी तक्ता केला. आजही रस्तेसुरक्षेचा अभ्यासक्रम त्या तक्त्यापासून सुरू होतो. दबणारा स्टिअरिंगचा दांडा, डोके आरपार न जाऊ देणारी काच, न उघडणारी दारे, आणि १९६८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत पट्टे: छातीत भाला घुसवणारी गाडी तीन-चार वर्षांत इतिहासजमा झाली.

पट्टे आले, लावणारे आले नाहीत. १९७४ च्या मॉडेलांत पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होऊ नये अशी सोय सक्तीची केली, तर सीटवर किराणा ठेवला तरी गाडी अडते म्हणून लोक खवळले, आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकी संसदेने ती सक्ती कायद्याने काढून टाकली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने मात्र १९७० मध्येच जगात पहिल्यांदा पट्टा बंधनकारक केला होता. अमेरिकेत १९८०च्या आरंभीही पट्टा लावणारे शंभरात दहा-पंधराच होते.

आपोआप फुगणारी पिशवी

लोक पट्टा लावत नसतील तर ज्याला हातही लावावा लागणार नाही असे काही द्या, या विचारातून एअरबॅगचे भांडण पेटले. कल्पना जुनी होती. १९५२ च्या वसंतात पेनसिल्व्हेनियातला जॉन हेट्रिक बायको-मुलीला घेऊन फिरायला निघाला असताना गाडी खड्ड्यात गेली, आणि दोघा नवरा-बायकोचे हात आपोआप मुलीपुढे आडवे गेले. हेट्रिक नौदलात होता. टॉर्पेडोतली दाबलेली हवा अचानक सुटली की काय होते, हे त्याने पाहिले होते. त्याला पुढच्या वर्षी पेटंट मिळाले. म्युनिकच्या वाल्टर लिंडरर यांनी त्याच सुमारास तशीच कल्पना नोंदवली होती. पण दाबलेली हवा पुरेशा वेगाने पिशवीत भरत नव्हती. टक्कर ओळखणारा भरवशाचा स्वस्त संवेदक १९६०च्या दशकाच्या अखेरीस ॲलन ब्रीड यांनी बनवला, आणि पुढे हवेऐवजी सोडियम ॲझाइडची गोळी पेटवून नायट्रोजन तयार करण्याची युक्ती निघाली. सुमारे तीस सहस्रांश सेकंदात पिशवी भरते आणि डोके येऊन टेकेपर्यंत भोकांतून रिकामी होऊ लागते.

जनरल मोटर्सने १९७४ ते ७६ या काळात सुमारे १०,००० एअरबॅगवाल्या मोटारी विकल्या आणि बंद केल्या. एप्रिल १९७१ मध्ये फोर्डचे ली आयकोका थेट राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडे जाऊन एअरबॅगच्या येऊ घातलेल्या सक्तीविरुद्ध बोलले होते. ते संभाषण ध्वनिमुद्रित आहे. सक्ती आली, लांबली, १९८१ मध्ये रद्द झाली. मग एक विमा कंपनी न्यायालयात गेली, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुनावले की सबळ कारण दिल्याशिवाय असा नियम मोडीत काढता येणार नाही. दशक संपता संपता तेच आयकोका क्रायस्लरचे प्रमुख म्हणून एअरबॅगची जाहिरात करत होते. १२ मार्च १९९० रोजी व्हर्जिनियात त्यांच्याच कंपनीच्या दोन मोटारी समोरासमोर धडकल्या. दोन्हींत एअरबॅग होत्या, दोन्ही चालक वाचले. १९९१ च्या कायद्याने एअरबॅग सक्तीच्या करून हा प्रश्न कायमचा मिटवला.

पण इथेच त्या सरासरी पुरुषाच्या पुतळ्याचे मोल मोजावे लागले. पट्टा न लावलेला पुरुषी पुतळा वाचला पाहिजे, अशी अमेरिकी चाचणीची अट होती. त्यासाठी पिशवी जोरात फुगवावी लागे. पट्टा नसलेली, पुढे सरकून बसलेली मुले आणि स्टिअरिंगला चिकटून बसणाऱ्या ठेंगण्या बायका त्या फुगण्यानेच मेल्या. १९९८ पासून पिशव्यांचा जोर कमी केला गेला. मर्सिडीजने १९८१ मध्ये आपल्या मोठ्या मोटारीत एअरबॅग आणली ती टकरीत पट्टा आवळून घेणाऱ्या यंत्रासह, पट्ट्याची पुरवणी म्हणून. तीच समज बरोबर ठरली. अमेरिकी सरकारी हिशेबाप्रमाणे १९६० ते २०१२ या काळात मोटारींतल्या सुरक्षा सुधारणांनी त्या देशात ६,१३,५०१ जीव वाचवले. त्यांतले ३,२९,७१५ एकट्या पट्ट्याने. पुढच्या एअरबॅगचा वाटा ४३,००० च्या आसपास.

आपल्याकडे

‘आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे, पूर्वीची अँबॅसिडर बघा, ठोकली तरी काही होत नसे,’ हे वाक्य न ऐकलेला मराठी माणूस विरळा. गाडीला काही होत नसे हे खरे आहे. जे व्हायचे ते आतल्यांना होई. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ ची भक्कम शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर धडकवल्या. जुनीचा सगळा पुढचा भाग, दार आणि स्टिअरिंग चालकाच्या पुतळ्यावर कोसळले. खरा माणूस वाचला नसता. नवीचे नाक चुरडून गेले, आणि तिच्या पुतळ्याच्या पायाला किरकोळ इजा नोंदली गेली.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. पाचही मोटारींना सुरक्षिततेचे शून्य तारे. त्यानंतर इथेही वेग आला. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना समोरच्या आणि बाजूच्या टकरीची चाचणी बंधनकारक झाली. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन या मोटारीला त्याच संस्थेकडून पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीला पहिल्यांदाच. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, २०२२ पासून शेजारच्या सीटचीही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताचे स्वतःचे तारांकन सुरू झाले.

मोटारी सुधारल्या. बसणाऱ्यांचे काय? ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबाद–मुंबई महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्याला एक महागडी, एअरबॅगनी सज्ज मोटार धडकली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले गृहस्थ जागीच गेले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मोटारीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा केला. त्या वर्षी देशात पट्टा न लावता मेलेल्यांची सरकारी नोंद १६,७१५ आहे: ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. आणि २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्रेत्यांवर कारवाई करावी लागली, कारण त्यांच्याकडे पट्टा न लावता त्याचा बीप बंद करणाऱ्या क्लिपा सर्रास विकल्या जात होत्या. १९७४ चे अमेरिकी गिऱ्हाईक आणि आपण यांत तेव्हा फारसा फरक दिसत नाही.

चुरगळणारे नाक, कडक पिंजरा, फुगणारी पिशवी ही सगळी यंत्रणा आतला माणूस सीटशी बांधलेला आहे हे गृहीत धरून बनवलेली आहे. मागे मोकळा बसलेला माणूस टकरीत स्वतः तर जातोच, पुढे बसलेल्याच्या पाठीवर आदळून त्यालाही घेऊन जातो. आपल्या गाडीत मागची बकले सीटकव्हरखाली दाबली गेली असतील तर ती आजच वर काढा. क्लिप असेल तर फेकून द्या. आणि मागे बसलेल्या आई-वडिलांनी, मुलांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकू नका.